तिळाचा खुळखुळा

अंबीनं शबानाच्या पोपटाची शेपटी उपटली, तेव्हा माझे दोन्ही हात मनगटापर्यंत खळीत होते.

सूत ज्यावर गुंडाळून येतं ते पुठ्ठ्याचे कोन तुम्ही पाहिले असतील. त्यांचे आम्ही पोपट करत होतो. कोन उभा धरायचा, हिरव्या पतंगी कागदाचे तुकडे फाडून त्यावर चिकटवायचे, डोळ्यांच्या जागी मसुरीचा एकेक दाणा आणि मागं रंगीत सुताची शेपटी. अडीच-तीन वर्षांच्या मुलांना कात्री देता येत नाही, पण फाडायला सांगितलं की ती खूश असतात. सगळी सतरंजी हिरवी झाली होती. शबाना आपला पोपट दोन्ही हातांत धरून मला दाखवायला निघाली होती आणि वाटेतच अंबीनं शेपटी ओढून घेतली.

मी उठायच्या आत अंबीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं आपल्या दोन्ही तर्जन्या एकमेकींत अडकवल्या आणि फटकन सोडवल्या. माझ्या नाकासमोर. मी म्हटलं, "अंबी, असं करायचं नाही. दे ती शेपटी." तिनं पुन्हा तेच केलं. मी हात पुढं केला, तर तिनं माझ्या हातावर चापट मारली आणि तिसऱ्यांदा बोटं अडकवून सोडवली. मग ती शेपटी माझ्या अंगावर टाकून भिंतीपाशी जाऊन बसली, भिंतीला गाल लावून. शबाना रडत होती. मी शेपटी परत चिकटवली आणि मनाशी ठरवलं, हे आता पुरे झालं.

ही गोष्ट इचलकरंजीतली, त्र्याण्णव सालातली. मी तेवीस वर्षांची होते. मिरजेला बालसेविकेचा कोर्स केला होता आणि एका महिला मंडळाच्या बालवाडीत लागले होते. बालवाडी म्हणजे एक खोली. तिची एक भिंत शेजारच्या यंत्रमागांच्या शेडशी सामायिक होती, त्यामुळं सकाळपासून संध्याकाळपर्यंत खटक-खटक-खटक चालू असायचं. पहिल्या आठवड्यात माझं डोकं दुखलं, नंतर मीही इतरांसारखी मोठ्यानं बोलायला लागले. मंडळाकडून खेळणी मिळणार नाहीत हे पहिल्याच दिवशी कळलं होतं, पण त्याचं मला वाईट वाटलं नाही. कोर्सला असताना मी एक वही केली होती. काड्यापेटीची आगगाडी, भेंडीचे ठसे, हळद-कुंकू घालून मळलेल्या कणकेची फळं, बाटल्यांच्या बुचांची माळ. घरात जे असतं त्यातून लहान मुलांना काय काय करता येईल, त्याची वही. तिचा मला फार अभिमान होता. वहीत जे पान उघडेन ते सोळाच्या सोळा मुलांनी करावं, असं मला वाटायचं.

पंधरा जण करायची. अंबी नाही.

अंबी म्हणजे अंबिका मुसळे, वय तीन. तिचे आईवडील दोघंही शेजारच्याच शेडमध्ये कामाला. वडील दशरथ माग चालवायचे, आई मंगल कांड्या भरायच्या मशीनवर बसायची. मागात इकडून तिकडं धावणाऱ्या धोट्यात जे सूत बसवतात, ते छोट्या नळकांडीवर भरून घ्यावं लागतं, त्याला कांडी म्हणतात. अंबी अजून एक शब्दही बोलत नव्हती. हाक मारली तर मनात असलं तर यायची, नसलं तर नाही. गोष्ट सांगायला बसले की उठून जायची. मात्र वस्तू हातात आली की तिची नजर हलायची नाही. बुचांच्या माळेच्या दिवशी तिनं माळ केलीच नाही, सगळी बुचं तळव्यावर घेऊन एकेक दातांवर आपटून पाहत बसली.

पोपटांच्या त्या दिवशी मंगल न्यायला आली तेव्हा मी तिला बाजूला घेतलं. म्हटलं, अंबी अजून लहान आहे, सांगितलेलं समजत नाही, दुसऱ्यांचं मोडते. एक वर्ष घरी ठेवा, पुढच्या जूनमध्ये आणा.

मंगल माझ्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठी असेल. तिच्या केसांत सुताचे पांढरे तंतू अडकलेले असायचे, ते तिनं हातानं झटकले. मला वाटलं ती भांडेल किंवा गयावया करेल. ती एवढंच म्हणाली, "घरात सासूबाई हाईत, पण त्यांचं गुडघं धरल्यात. त्यांच्यानं पोरीमागं पळवत न्हाई." मग म्हणाली, "बरं बाई. बघतो."

दुसऱ्या दिवशी अंबी आली नाही. पंधरा मुलांनी शांतपणे काड्यापेट्यांची आगगाडी केली. कुणी कुणाचं काही ओढलं नाही. मला खरं तर समाधान वाटायला हवं होतं. पण सकाळभर माझं लक्ष त्या दोन बोटांकडे जात होतं. मुलं रागावली की मारतात, चावतात, लोळतात. तीन वेळा तीच एक खूण, तीही माझ्या डोळ्यांत बघून, असं रागावलेलं मूल करत नाही. ती काय करत होती? मुलं गेल्यावर मी एकटीच बसून माझी बोटं एकमेकींत अडकवून सोडवून पाहिली. काही कळेना. मग अंबीची विसरलेली पाण्याची बाटली घेतली आणि शेजारी गेले. बाटली हे निमित्त होतं.

शेडच्या आत मी तोवर कधी पाऊल ठेवलं नव्हतं. दारात उभं राहताच आवाज छातीत शिरला. चोवीस माग एकाच वेळी चालत होते. कापसाची बारीक धूळ उन्हाच्या तिरिपेत तरंगत होती. मंगल कोपऱ्यात कांडी मशीनवर होती आणि तिच्यामागं, कोनांच्या रिकाम्या खोक्यात, अंबी बसली होती. तिच्या पायाला जुन्या लुगड्याची पट्टी बांधली होती, दुसरं टोक भिंतीतल्या खिळ्याला. चार हातांवर मागांचे पट्टे फिरत होते. ती पट्टी का बांधलीय ते मला लगेच कळलं आणि माझ्या एका वाक्यामुळं ती बांधावी लागलीय हेही.

मी "मंगलताई" अशी हाक मारली. माझी हाक मलाच ऐकू आली नाही.

तेवढ्यात लांबच्या मागापाशी उभ्या दशरथनं हात वर केला. त्याच्या पुढ्यातला कामगार पाठमोरा होता, त्याच्या खांद्यावर टिचकी मारून त्यानं त्याला वळवलं आणि दोन्ही तर्जन्या एकमेकींत अडकवून फटकन सोडवल्या. तो कामगार आपल्या मागाकडं वळला, वाकला, दोन सूत बोटांनी जुळवून गाठ मारली आणि माग पुन्हा चालू झाला. मग दशरथनं मंगलकडं बघून मूठ उलटी करून उघडली. मंगलनं मान हलवली आणि भरलेल्या कांड्यांची टोपली त्याच्याकडं सरकवली. कुणाच्या तोंडातून शब्द नाही. सगळी शेड हातांनी बोलत होती.

अंबीनं मला पाहिलं. खोक्यातून उभी राहिली आणि मला बघून तिनं तीच खूण केली, अडकवलेली बोटं, मग सोडवलेली.

मी मंगलला हाताला धरून बाहेर ओढ्याच्या कडेला आणलं आणि विचारलं, "ही खूण कशाची?"

"कंची?"

मी करून दाखवली. मंगल हसली. "त्ये व्हय. दोरा तुटला म्हणायचं. आत कुणाला कुणाचं ऐकू येत न्हाई, मग आम्ही असंच बोलतो."

दोरा तुटला. शबानाच्या पोपटाच्या शेपटीतलं एक सूत तुटून लोंबत होतं. बालवाडीत परतल्यावर मी तो पोपट पुन्हा काढून पाहिला, खरंच होतं. तुटलेला दोरा दिसला की काम थांबवायचं आणि मोठ्या माणसाला सांगायचं, हे अंबी जन्मल्यापासून बघत आली होती. तिनं मला तीनदा सांगितलं होतं.

मी मंगलला म्हटलं की उद्यापासून अंबीला पाठवा, माझं चुकलं. काय चुकलं ते मात्र मी तिला तेव्हा नीट सांगू शकले नाही.

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यांत उत्सुकतेचे असतील. रोज दुपारी मंगल न्यायला आली की मी तिच्याकडून एकदोन खुणा शिकून घ्यायचे आणि वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवायचे. तळहात आडवा फिरवला की माग बंद कर. मूठ उलटी उघडली की कांडी संपली. ओठावरून बोट फिरवलं की मालक आला, कारण मालकांना मिशा होत्या. सकाळी मी अंबीच्या समोर बसून त्या वापरायचे आणि ती माझ्याकडं असं बघायची, जणू घरातलंच कुणीतरी भेटलंय. खळ संपली की ती मूठ उघडून दाखवायची. कणकेचा आंबा बिघडला की तळहात आडवा फिरवून मला थांबवायची. कोनावर सूत गुंडाळायला दिलं तर ते इतकं सरळ, एकावर एक गुंडाळायची की मी थक्क व्हायचे. बाकीची मुलंही खुणा शिकली. एकदा मी खडू आणायला बाहेर जाऊन परत आले, तर सोळाही जणांनी ओठावरून बोट फिरवलं.

मी खूश होते. मला वाटत होतं, कोडं सुटलं. खुणांच्या घरात वाढलेली मुलगी खुणांनी बोलते, उशिरा तोंडानं बोलेल, झालं.

मग एक सोमवार आला. आमच्या भागात तेव्हा सोमवारी वीज बंद असायची. माग थांबायचे आणि गल्ली इतकी शांत व्हायची की कौलांवरच्या पारव्यांचं घुमणं ऐकू यायचं. एरवी जे पान कधी उघडता येत नव्हतं ते मी त्या दिवसासाठी राखून ठेवलं होतं. खुळखुळे.

औषधाच्या प्लास्टिकच्या बाटल्या मी दवाखान्यातून मागून आणल्या होत्या आणि उकळत्या पाण्यातून काढल्या होत्या. प्रत्येकीला बाहेरून जुन्या लग्नपत्रिकेचा रंगीत कागद चिकटवायचा, म्हणजे आतलं दिसत नाही. मग आत मी एकेक वस्तू भरून झाकणाला चिकटपट्टी लावणार होते. खडे, तूरडाळ, तांदूळ, तीळ. मुलांनी वाजवून ओळखायचं, कुणाच्या बाटलीत काय. मल्लू नावाचा एक बारीक आवाजाचा मुलगा होता, त्यानं चारही अचूक ओळखले, कारण त्याच्या आजीचं किराणा दुकान होतं.

अंबीनं खड्यांची बाटली घेतली, हलवली, गालाला लावली, मग दातांना लावली आणि हसली. ती तिला सोडवेना. मी ती काढून घेऊन तिळाची दिली. तिनं हलवली. गालाला लावली. पुन्हा हलवली. मग मूठ उलटी करून उघडली. संपली.

मी झाकण उघडून तिला तीळ दाखवले. तिनं बोट बुडवून एक दाणा चाखला. मी झाकण लावलं. तिनं हलवलं आणि पुन्हा मूठ उघडली, या वेळी जरा चिडून. दिसतंय, पण नाही. असं कसं, असं ती मलाच विचारत होती.

मी उठले आणि तांदळाची बाटली घेऊन तिच्यामागं गेले. मुलांना हातानं गप्प बसवलं. तिच्या डोक्यामागं वीतभर अंतरावर बाटली खुळखुळवली. शबानानं वळून पाहिलं, मल्लूनं पाहिलं, दाराजवळच्या दोघांनी पाहिलं. अंबी आपल्या बाटलीचा कागद निरखत बसली होती. डाळीची वाजवली. नाही. मग कोपऱ्यातला रिकामा डालड्याचा डबा उलटा करून घेतला आणि हातात अधांतरी धरून, जमिनीला लागू न देता, त्यावर जोरात थाप मारली. अंबी वळली.

सुरुवातीला मला हायसं वाटलं. मग पुन्हा तांदूळ वाजवला आणि ते गेलं. असं मी पाच-सहा वेळा केलं. मुलांना तो नवा खेळ वाटला. दर वेळी डब्याला ती वळायची आणि माझ्याकडं बघून हसायची, बाटलीला कधीच नाही.

त्या दिवशी मंगल न्यायला आली तेव्हा मी स्वतःच अंबीला उचललं, बाटल्या पिशवीत घातल्या आणि तिच्याबरोबर घरी गेले.

वीज नसल्यानं दशरथ घरीच होता. अंगणात सायकल उलटी करून चेन बसवत होता. उंच, खांदे पुढं आलेला, सतत ओरडून बोलणारा माणूस. त्याच्या आवाजामुळं मला त्याची थोडी भीती वाटायची. त्याची आई उंबऱ्यात पाय पसरून बसली होती, तिनं मला पाट दिला. मंगल तांदूळ निवडायला बसली. मी कसंबसं सांगितलं की मला शंका आहे, अंबीला नीट ऐकू येत नसावं, कानाच्या डॉक्टरांना दाखवायला हवं.

दशरथनं हातातला पाना खाली ठेवला. त्याचं म्हणणं, पोरगी ठणठणीत आहे. सकाळी घराशेजारच्या शेडमध्ये माग चालू झाला की झोपेतून उठून बसते. तो सायकलवरून आला की सगळ्यांच्या आधी दारात असते. बहिरी असती तर कसं कळलं असतं? मी म्हटलं, माग चालू झाला की जमीन हादरते, त्यानं कळत असेल, आणि सायकल ती खिडकीतून बघत असेल. म्हातारी मध्येच म्हणाली की मी तेव्हाच सांगत होते, पोटात पोर असताना नवव्या महिन्यापर्यंत ही मशीनवर बसली, त्या आवाजानं पोराचं काहीतरी झालं. मंगलनं मान वर केली नाही. हे वाक्य त्या घरात पहिल्यांदा उच्चारलं जात नव्हतं, एवढं मला समजलं.

"कुणाचं काय बी झालेलं न्हाई," दशरथ म्हणाला. "उगं पोरीला नाव ठेवू नका बाई."

मी पिशवीतून बाटल्या काढल्या. म्हटलं, तुम्हीच वाजवून बघा तिच्यामागं. मला त्यानं अंबीची परीक्षा घ्यायला हवी होती, दुसरं काही माझ्या मनात नव्हतं. त्यानं पहिली बाटली उचलली. कागदाखाली काय होतं ते त्याला माहीत नव्हतं. त्यानं ती हलवली, कपाळाला आठी घातली, कानाजवळ नेऊन परत हलवली आणि माझ्यापुढं धरली.

"ह्यात काय न्हाईच," तो म्हणाला. "मोकळी हाय."

मंगलचा सुपातला हात थांबला. उंबऱ्यातल्या म्हातारीनंही वळून पाहिलं. त्या शांततेत तिळाची ती बारीक सळसळ आम्हा तिघींना स्पष्ट ऐकू आली होती.

मी बाटली घ्यायला हात पुढं केला, पण मंगल उठली. तिनं ती त्याच्या हातातून घेतली, दातांनी चिकटपट्टी सोडवली, त्याचा तळहात आपल्या हातात धरला आणि बाटली त्यावर उपडी केली. पांढरे तीळ त्याच्या काळ्या, ग्रीस लागलेल्या तळव्यावर पसरले.

दशरथनं दुसऱ्या हाताच्या बोटानं ते चाळवून पाहिले. अंबी त्याच्या गुडघ्याला धरून उभी होती, तिनं त्यातला एक दाणा उचलून तोंडात टाकला. मग त्यानं मंगलला विचारलं, आणि त्याचा आवाज मी पहिल्यांदाच हळू ऐकला, "तुला आला आवाज?"

मंगलनं मान हलवली.

"बाईस्नी?"

मी मान हलवली.

पुढच्या सोमवारी आम्ही चौघं एसटीनं कोल्हापूरला गेलो. एका मोठ्या दवाखान्यात कान तपासायचा विभाग होता. तिथं एक जाड भिंतींची, आतून गादीसारखी मढवलेली लहान खोली होती. अंबीला मंगलच्या मांडीवर बसवून आत घेतलं. काचेतून आम्हाला दिसत होतं. डॉक्टरीणबाई बटणं दाबत होत्या आणि अंबी कधी वळत होती, कधी नाही. तासाभरानं त्यांनी सांगितलं की जाड, खालचे आवाज तिला थोडेफार येतात, बारीक आवाज येत नाहीत. माणसाच्या बोलण्यातले बरेचसे आवाज बारीक असतात. कानाला मशीन लावून रोज शिकवलं तर ती बोलू शकेल, लवकर आणलंत हे बरं केलंत.

दशरथ ऐकत होता की नाही ते कळत नव्हतं. मग तो म्हणाला, "माझे पण बघा."

तो आत गेला. त्याचा कागद बाहेर आला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवले. सतरा वर्षं मागांवर काम केल्यानं त्याचे बारीक आवाज गेले होते आणि ते परत येणार नव्हते. यापुढं कानांत कापूस नको, रबराची बुचं घाला, असं त्यांनी त्याला दोनदा सांगितलं. तो उठायला तयार नव्हता. शेवटी त्यानं विचारलं, "हिला माझ्याकडनं आलं का?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही. तुमचं मागामुळं झालं. तिचं जन्मापासूनचं आहे. असं का होतं ते पुष्कळदा आम्हालाही सापडत नाही. पण तुमच्या कानांचा त्यात संबंध नाही, आणि आईनं मशीनवर काम केलं म्हणूनही असं झालं, असं म्हणायला मला कारण दिसत नाही."

मंगल आता खुर्चीत पुढं सरकली.

"बाई, शेवटचं जरा मोठ्यानं सांगा," ती म्हणाली. "ह्यांना ऐकू जाऊ द्या."

डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सांगितलं, सावकाश, एकेक शब्द तोडून. दशरथ त्यांच्या ओठांकडं बघत होता. मग त्यानं मंगलकडं पाहिलं. परतीच्या गाडीत ते दोघं एका बाकावर आणि मी अंबीला घेऊन मागच्या बाकावर बसले होते. गाडीच्या आवाजात त्यांनी तोंडानं बोलायचा प्रयत्नच केला नाही. हातकणंगल्यापर्यंत दोघांचे हात चालू होते. मी तोवर शिकलेल्या खुणांपैकी त्यांत एकही नव्हती, म्हणून मी खिडकीबाहेर बघत बसले.

घरी पोचल्यावर दशरथनं आईला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. पण ते सगळ्या गल्लीनं ऐकलं असं शेजारच्या बाईंनी सांगितलं, आणि त्यानंतर ते नवव्या महिन्याचं वाक्य मी त्या घरात कधी ऐकलं नाही.

कानाचं मशीन यायला अडीच महिने लागले. तेव्हाची मशीनं छातीवर अडकवायची, साबणाच्या वडीएवढी पेटी आणि तिच्यापासून कानापर्यंत वायर. तिच्यासोबत आलेले कातडी पट्टे अंबीच्या खांद्यांना काचायचे, म्हणून मी जुन्या परकराच्या कापडाची पिशवी शिवली आणि तिच्यावर भेंडीच्या ठशांनी फुलं उठवली. मग उरलेल्या पंधरा जणांनाही तशा पिशव्या हव्या झाल्या. त्यांच्या पिशव्यांत आम्ही काड्यापेट्या घातल्या. महिनाभर आमच्या बालवाडीतलं प्रत्येक मूल छातीवर पेटी बांधून फिरत होतं.

मी पुढं दोन वर्षांनी मूकबधिर मुलांच्या शिक्षिकेचा कोर्स केला आणि सव्वीस वर्षं तेच काम केलं. अंबी बोलायला शिकली. उच्चार पूर्ण साफ झाले नाहीत, पण दहावीपर्यंत शिकली, आता सांगलीला एका छापखान्यात काम करते. भेटली की खूप बोलते. पण मला कुणी विचारलं की तिला पहिल्यांदा ऐकू आलेलं तू कधी पाहिलंस, तर मी दवाखान्यात मशीन लावलं तो दिवस सांगत नाही. त्या दिवशी ती नुसतीच घाबरून रडली होती. मी सांगते तो दिवस मशीन आल्यानंतर पाच-सहा आठवड्यांनी आला.

तोही सोमवार होता. दशरथ आमच्यासाठी शेडमधले फुटके कोन पोतंभर घेऊन आला होता. मी त्याला म्हटलं, बसा जरा, मुलांचं काम बघा. तो संकोचत सतरंजीच्या कडेला टेकला. मुलं वर्तमानपत्राच्या टोप्या करत होती. अंबी त्याच्यासमोर बसून घडीवर नख फिरवत होती. मी कपाटाशी होते.

मल्लू दशरथच्या पाठीमागं येऊन उभा राहिला. मल्लूचा आवाज आधीच बारीक, त्यात अनोळखी मोठा माणूस बघून अगदीच पातळ झाला होता.

"काका," तो म्हणाला, "माझ्या टोपीवर बसलायसा."

दशरथ समोर बघत राहिला. मल्लूनं परत म्हटलं. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं, कारण अंबीची मान वर आली होती. ती वडिलांच्या खांद्यावरून मागं बघत होती. मल्लू तिला दिसत नव्हता, दशरथची पाठ मध्ये होती. ती बाजूला वाकली, मल्लूला पाहिलं, मग वडिलांकडं वळून दोन्ही तळहात वर उचलले. ऊठ.

दशरथला कळेना. तिनं पुन्हा केलं. तो उठला. खाली चेंगरलेली टोपी होती. ती उचलून त्यानं मागं पाहिलं, मल्लूच्या हातात दिली आणि परत अंबीकडं वळला. त्यानं भुवया उडवून, हात फिरवून तिला विचारलं, तुला कुणी सांगितलं?

अंबीनं मल्लूकडं बोट केलं. मग तेच बोट आपल्या कानाला लावलं, आणि बापाला अजून समजलं नाही असं वाटून ते तसंच लावून ठेवलं.